एका भाकरीचे सोबती

शाळेच्या चाचणीसाठी मुलगी इंग्रजी शब्दार्थ पाठ करत होती. ‘कंपॅनियन म्हणजे सोबती’ असं दोनतीनदा घोकून तिने विचारलं, “मग फ्रेंड आणि कंपॅनियनमध्ये फरक काय?” आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. शब्दकोश काढला आणि त्या एका शब्दापायी सगळी संध्याकाळ गेली.

कंपॅनियन हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचे मूळ तुकडे दोन. ‘कोम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. ज्याच्यासोबत आपण भाकरी खातो, तो कंपॅनियन. युरोपातल्या जुन्या गॉथिक भाषेतही अगदी याच बांधणीचा ‘गहलैबा’ असा शब्द होता आणि तो बरोबरीने लढणाऱ्या सैनिकासाठीही वापरला जाई. एका भाकरीचे तुकडे खाल्लेली माणसं अडचणीच्या वेळी एकमेकांना टाकून जात नाहीत, हा अनुभव सगळीकडचा आहे.

हा पानिस आपल्याला परका नाही. भाकरीसाठीचा पोर्तुगीज शब्द त्याच्यापासूनच झाला. पोर्तुगीज लोक गोव्यात आले, त्यांच्याबरोबर तो शब्द आला आणि आपल्या तोंडी ‘पाव’ झाला. म्हणजे सकाळी चहात बुडवून खातो तो पाव आणि पुस्तकातला कंपॅनियन हे एकाच घराण्यातले. ‘कंपनी’ हा शब्दही त्याच घरातला. १६०० साली लंडनमध्ये सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नावातही भाकरी वाटून खाणं होतं. तिने इथे येऊन काय वाटून खाल्लं, ते आपण जाणतोच.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. मराठीतला ‘सोबत’ म्हणजे अरबीतला ‘सुहबत’. तो फारसीमार्गे आपल्याकडे आला. ‘सहाबी’ हा शब्दही त्याच मुळाचा, म्हणूनच इंग्रजी पुस्तकांत सहाबांना कंपॅनियन्स म्हटलेलं असतं. सूरह तौबाच्या ४०व्या आयतीत गुहेतल्या त्या कठीण प्रसंगी हजरत अबू बक्र (रजि.) यांचा उल्लेख ‘साहिब’ म्हणजे सोबती असाच येतो. अरबीत साहिबचे अर्थ दोन, सोबती आणि धनी. आपल्याकडे येऊन त्याचा ‘साहेब’ झाला, आणि आपण धनी तेवढा ठेवून घेतला.

इंग्रजांनीही तेच केलं. त्यांचा ‘लॉर्ड’ म्हणजे मुळात भाकरीचा राखणदार. त्याच्या पदरी असलेल्या माणसाला जुन्या इंग्रजीत ‘भाकरी खाणारा’ म्हणत. आपणही म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. या बोलण्यात देणारा एक, खाणारा दुसरा आणि निष्ठेचं ओझं मात्र खाणाऱ्याच्याच डोक्यावर. कंपॅनियनमध्ये दोघेही खातात, म्हणून इमान राखण्याची जबाबदारीही दोघांची.

इथे आम्हाला हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचा प्रसंग आठवला. ते मस्जिद-ए-नबवीच्या ओट्यावर राहणाऱ्या गरीब सहाबांपैकी, असहाब-ए-सुफ्फापैकी एक. एकदा भूक असह्य होऊन ते वाटेवर येऊन बसले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चेहरा पाहूनच ओळखलं आणि त्यांना घरी नेलं. घरात कुणी भेट पाठवलेलं दूध होतं, एकच वाडगा. तेवढ्यात हुकूम झाला की सुफ्फाच्या सगळ्यांना बोलावून आण. एवढंसं दूध इतक्यांना कसं पुरणार, असं अबू हुरैरांच्या मनात आलंच. पण एकेक जण पोटभर प्यायला. मग अबू हुरैरांची पाळी आली. “आणखी पी, आणखी पी,” असा आग्रह झाला, शेवटी पोटात जागा उरली नाही. उरलेलं दूध प्रेषितांनी (स.) सर्वांच्या शेवटी, त्याच वाडग्यातून घेतलं. सोबतीचा अर्थ याहून वेगळा सांगायला नको.

हे सगळं मुलीला मोठ्या हौसेने सांगितलं. ती म्हणाली, “मग आपल्या मावशींचा कप वेगळा का आहे?”

आमच्याकडे धुणंभांडी करायला मावशी येतात, त्याला नऊ वर्षं झाली. मुलगी लहान असताना तिला कडेवर घेऊन त्यांनी भरवलंय. घराची किल्ली त्यांच्याकडे असते. त्या किती इमानदार आहेत, हे आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. आणि त्यांचा कप मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडा घातलेला. कुणी ठरवून ठेवला नव्हता, तरी नऊ वर्षांत कुणी उचललाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कप आम्ही बाकीच्या कपांमध्ये ठेवला. “मावशी, बसा, आपण बरोबरच चहा घेऊ,” म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “नको, माझं उभ्यानंच बरं.” खूप आग्रह केल्यावर खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि घाईघाईने चहा संपवून उठल्या. नऊ वर्षांची सवय एका सकाळी कशी जाणार? एका कपाने कुणी सोबती होत नाही, हेही आम्हाला कळतं. दुखलंखुपलं तर त्यांना भरपगारी सुटी मिळते का, ईदच्या दिवशी त्यांच्या वाट्याला डबा येतो की ताट, हे प्रश्न पुढचे आहेत.

आपल्या घरीही कुणी मावशी, ड्रायव्हर, वॉचमनचाचा असतील. रमजानमध्ये इफ्तारीची प्लेट आपण आठवणीने दारापर्यंत पाठवतो, ते चांगलंच आहे. पण दस्तरखान अंथरलेलं असतं आत, आणि त्यावर आणखी एका माणसापुरती जागा नेहमीच असते.

आता आठवडा झाला. मावशी अजून खुर्चीच्या कडेलाच बसतात. काल मात्र त्यांनी आपला पाव मोडून अर्धा मुलीच्या बशीत ठेवला.