‘इट’ मध्ये की शेवटी?

‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘लाइट’ऐवजी ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’ एवढंच चालतं. याउलट ‘लुक आफ्टर इट’ म्हणतात, ‘लुक इट आफ्टर’ कधीच नाही. हे सगळं पाठच करावं लागतं, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ‘रन अप’ची दोन रूपं बघा. टेकडीवर धावत चढलात तर ‘रॅन अप इट’. हॉटेलात बिल वाढवून ठेवलंत तर ‘रॅन इट अप’. शब्द तेच, तरी सर्वनामाची जागा बदलते. कारण पहिल्या वाक्यातला ‘अप’ टेकडीला जोडलेला आहे, तर दुसऱ्यातला क्रियापदाचाच भाग आहे. असा ‘अप’ उच्चारात ठसक्याने येतो. ‘इट’ मात्र आधीच माहीत असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं, म्हणून हलकं उच्चारलं जातं आणि मध्ये सरकतं. शेवटची जागा वजनदार शब्दाला मिळते.

यावर कुणी म्हणेल, ‘पिक अप हर, नॉट मी’ असंही इंग्रज बोलतात की! बोलतात, पण तिथे ‘हर’वर मुद्दाम जोर असतो. जोर आला की सर्वनामही शेवटी जाऊ शकतं, म्हणजे हा अपवाद नियमाच्या बाजूनेच बोलतो. अर्थ मात्र पाठ करावेच लागतात, हे मान्य. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे कुठल्याही तर्काने निघत नाही. पण ‘पुट अप विथ हिम’मध्ये ‘हिम’ शेवटी का, ते कळतं: ‘विथ’ त्याच्याशीच बांधलेला आहे.