बरोबरीची धास्ती

खेळात पराभवाचे भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बरोबरीची सवलत हेच भयाचे कारण व्हावे, हा विलक्षण अनुभव आम्हांस १४ एप्रिल २०२४ च्या रात्री आला.

दुसऱ्या दिवशी कोलकत्यास सॉल्ट लेकच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या साखळीतील निर्णायक सामना व्हावयाचा होता. मुंबई सिटीचे गुण ४७, मोहन बागानचे ४५. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. म्हणजे मुंबईने सामना नुसता बरोबरीत सोडविला तरी लीगची शील्ड आमची!

'आमची' म्हणण्यास कारण आहे. २०१४ साली हा संघ जन्मास आला तेव्हा त्याचे घर नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, म्हणजे आम्हां न्हावा शेवेकरांच्या शेजारीच होते. तेथील पहिल्याच सामन्यात त्याने पुण्यास ५-० असे नमविले. २०१६ साली बिऱ्हाड अंधेरीस गेले. आमचा लोभ मात्र येथेच राहिला. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला, तेव्हा आमच्या घरातील मुलांस प्रथम आनंद झाला तो अंधेरी जवळ आल्याचा!

त्या रात्री पंगतीत धाकटा पुतण्या मोठ्या उमेदीने बोलत होता. "काका, २०२० पासून लीगमध्ये बागानने आपल्याला एकदाही हरवलेले नाही. २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला, तो विसरलात?"

आम्ही विसरलो नव्हतो. परंतु १८८९ साली स्थापन झालेला, १९११ साली बहुतेक अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघाकडून शील्ड जिंकणारा बागान आम्ही वर्गात किती वेळा अभिमानाने वर्णिला होता! आता त्याचाच पराजय चिंतावयाचा होता. शिवाय मास्तरकीचा अनुभव असा की, पस्तीस गुणांपुरताच अभ्यास करणारा विद्यार्थी हटकून चौतिसावर अडकतो.

आमचा घास हातातच राहिलेला पाहून वहिनी म्हणाल्या, "भावजी, उद्याचा पेपर तुमचाच आहे की काय?"

शंका खरी ठरली. बागान दोन गोलांनी पुढे गेला. ८९ व्या मिनिटास छांगतेने एक गोल फेडला आणि क्षणभर आशेने सर्व घर उभे राहिले. परंतु सामना २-१ असा गेला. अखेरचे गुण ४८ आणि ४७!

तथापि ४ मे रोजी त्याच मैदानावर, त्याच बागानशी चषकाचा अंतिम सामना झाला. तेथे बरोबरीने भागणारे नव्हते. जिंकणे भागच होते. प्रथम गोल खाऊनही मुंबईने ३-१ असा विजय मिळविला.

तेव्हापासून सामन्याच्या आदल्या रात्री आम्ही बरोबरीची आशा धरीत नाही. आशा धरावयाचीच, तर ती विजयाची धरावी.