चरबीच्या काडतुसाची लखनौतली गोष्ट

सत्तावन्नचा उठाव का झाला, असं विचारलं की उत्तर तोंडपाठ असतं. एन्फिल्ड रायफलच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली होती, ती दातांनी तोडायला लावली म्हणून शिपाई भडकले. उत्तर खोटं नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील थोडा सरकलेला आहे, आणि तो कुठे सरकला हे लखनौत चांगलं कळतं.

१८५७च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे मेरठच्या भडक्याच्या आठवडाभर आधी, लखनौजवळच्या मूसाबागेत तळ असलेल्या सातव्या अवध इररेग्युलर पलटणीनं काडतूस दातांनी तोडायला नकार दिला. या शिपायांनी मडियांव छावणीतल्या ४८व्या पलटणीला ‘थोरले भाऊ’ मानून लिहिलेली चिठ्ठी अधिकाऱ्यांच्या हाती लागली. ३ मेच्या संध्याकाळी चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स गोऱ्या फौजा आणि तोफा घेऊन मूसाबागेवर गेले. तोफा पाहताच बरेच शिपाई पळाले, उरलेल्यांनी शस्त्रं खाली ठेवली.

आता पहिला गैरसमज. या शिपायांच्या हाती एन्फिल्ड रायफली होत्या, असं गृहीत धरलं जातं. नव्या रायफलीचं शिक्षण देणारी केंद्रं तेव्हा तीनच होती: कलकत्त्याजवळचं डमडम, अंबाला आणि सियालकोट. लखनौ त्यात नव्हतं. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९०पैकी ८५ स्वारांनी जी काडतुसं नाकारली, तीही एन्फिल्डची नव्हती. ती जुनी, वर्षानुवर्षं वापरातली होती. संशय एव्हाना चरबीवरून काडतुसाच्या कागदावर आला होता. कागद चकचकीत दिसतो, म्हणजे त्यातही काहीतरी कालवलंय, अशी धास्ती पसरली होती.

दुसरा गैरसमज असा की वंगण मुद्दाम बाटवण्यासाठीच लावलं. त्याचं खरं कारण नेमबाजीत आहे. जुनी ब्राउन बेस बंदूक गुळगुळीत नळीची. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे, म्हणून ती झटकन आत जाई आणि बाहेर पडल्यावर कुठेही भरकटे. शंभर यार्डांपलीकडे माणूस टिपणं नशिबाचा भाग. एन्फिल्डच्या नळीत पीळदार खाचा होत्या. खाचांनी गोळीला फिरकी द्यायची, तर गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. पण घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची कशी? बंदूक बनवणारे प्रिचेट यांच्या गोळीनं हा पेच सोडवला. नळी ०.५७७ इंचांची, गोळी ०.५६८ची. उरलेली फट कागदाचं वेष्टण भरून काढी. गोळीचं बूड पोकळ होतं. स्फोटाच्या दाबानं ते फुगून खाचांत रुते. गोळीचं वजन सुमारे ३४ ग्रॅम आणि दारू साधारण साडेचार ग्रॅम, दर वेळी तितकीच. दारूचं माप किंवा कागदाची जाडी थोडी चुकली तरी नेम चुके. ही काडतुसं हातानं वळली जात. काळी दारू जळल्यावर नळीत राख चिकटते, आणि पाच-दहा बारांनंतर गोळी आत जाईना. म्हणून वंगण. त्याशिवाय ही रायफल काही बारांतच निरुपयोगी झाली असती.

आणि दात? काडतूस तोडायचं ते दारूच्या बाजूनं; वंगण असायचं दुसऱ्या टोकाला, गोळीच्या भोवती. दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीचं टोक आत घालायचं, उरलेला कागद तोडून टाकायचा. म्हणजे कवायतीप्रमाणे चरबीवर दात पडत नव्हता. पण गठ्ठ्यात बांधलेल्या काडतुसांचं वंगण उन्हाळ्यात पसरत नसेल, असं कोण म्हणेल? ज्याच्या जातीबाहेर जाण्याचा प्रश्न होता, त्याला ‘ते दुसरं टोक आहे’ हे सांगणं पुरेसं नव्हतं.

इथेच तिसरा, उलट दिशेचा गैरसमज खोडायला हवा: शिपायांची भीती निव्वळ अंधश्रद्धा होती, हा. विलायतेत काडतुसांना लावायच्या मिश्रणात मेणाबरोबर जनावरांची चरबी असे. डमडमला ती कंत्राटदाराकडून घेतली जाई आणि ती कोणत्या जनावराची, याची खात्री कुणी करून घेतली नव्हती. गाईची असणं अगदी शक्य होतं. डुकराच्या चरबीचा पुरावा मात्र फार पातळ आहे. शिवाय बंगाल फौजेतले कर्नल टकर यांनी १८५३ सालीच लिहून कळवलं होतं की, वंगणाबद्दल खात्री होईपर्यंत ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. ते पत्र कुणी मनावर घेतलं नाही. जानेवारी १८५७मध्ये डमडमच्या शिपायांत चरबीची कुजबुज सुरू झाल्यावर सरकारनं हुकूम काढला: काडतुसं कोरी द्या, मेणासारखं वंगण शिपायांनी आपलं आपण लावावं. पुढे दातांऐवजी हातानं तोडायची मुभाही आली. या घाईघाईच्या माघारीनं संशय उलट पक्का झाला. लपवण्यासारखं काही नव्हतं तर नियम का बदलला? शिपायांचा हा प्रश्न रास्तच होता.

चरबी हे एकमेव कारण, असं मानण्यातही फसगत आहे. बंगाल फौजेतले असंख्य शिपाई अवधचे शेतकरी. फेब्रुवारी १८५६मध्ये कंपनीनं त्यांचं राज्य खालसा केलं, नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले. त्याच वर्षी नव्या भरतीला समुद्रापार जाण्याची अट घातली गेली. घरची जमीन, राजा आणि धर्म असं सगळंच डळमळीत झालेलं असताना हातात आलेलं काडतूस फक्त काडतूस राहत नाही.

गंमत म्हणजे या काडतुसानं इंग्रजांनाही छळलं. चरबीमुळे शिशावर पुटं चढत, उन्हात वंगण वितळून कागदात मुरे, आणि ऐन धुमश्चक्रीत गोळी नळीत अडके. म्हणून पुढे गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणला गेला आणि वंगणात चरबीऐवजी मुख्यतः मधमाश्यांचं मेण आलं. शिपायांना जानेवारीत सुचवलेलं मेण शेवटी गोऱ्यांच्याही काडतुसात गेलं.

लखनौत आज रेसिडेन्सीच्या भिंतींवर उठावातल्या तोफगोळ्यांच्या खुणा पाहायला गर्दी असते. मूसाबागेकडे तुरळक लोक जातात, तेही बहुधा कॅप्टन वेल यांच्या कबरीवर सिगारेट वाहायला. मार्च १८५८मध्ये तिथल्या लढाईत मारला गेलेला हा इंग्रज अधिकारी आता नवसाला पावतो म्हणे.

उठाव मोडल्यावर कंपनी गेली, राणीचं राज्य आलं आणि देशी शिपायांसाठी नवी बंदूक ठरली. दिसायला हुबेहूब एन्फिल्ड. फक्त नळी ०.६५६ इंचांपर्यंत कोरून आतल्या पीळदार खाचा काढून टाकलेल्या होत्या. लांबचा नेम गोऱ्या पलटणींसाठी राखून ठेवला गेला.