कार्ड निगेटिव्ह, तरीही हिवताप : अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनातील धडा

काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता गडचिरोलीकडील रस्त्याच्या कामावरून परतलेला एक तरुण मजूर माझ्याकडे आला. दिवसाआड हुडहुडी भरून ज्वर येई व घाम येऊन उतरे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या रॅपिड कार्डावर त्याची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. मी निश्चिंत झालो व ज्वरघ्न चिकित्सा सुरू केली. चार दिवसांनीही ज्वराचा क्रम मोडला नाही, तेव्हा रक्तपट्टी पाठविली. तीत व्हायवॅक्स जातीचे परोपजीवी आढळले. नंतर कार्डाचा खोका नीट वाचला. ते कार्ड केवळ फाल्सिपेरम ओळखणारे होते! तृतीयक ज्वराचे लक्षण समोर असताना मी कार्डावर विसंबलो, ही चूक माझीच. रुग्ण बरा झाला, परंतु त्याची मजुरी बुडाली आणि मला या विषयाचा अभ्यास करावा लागला.

कार्ड नेमके काय पाहते?

सूक्ष्मदर्शकाखाली आपण प्रत्यक्ष परोपजीवी पाहतो. कार्ड परोपजीवी पाहत नाही. त्याने रक्तात सोडलेले प्रथिन पाहते. फाल्सिपेरमसाठीची बहुतेक कार्डे एच.आर.पी.-२ या प्रथिनावर आधारलेली असतात. हे प्रथिन विपुल प्रमाणात तयार होते, म्हणून चाचणी संवेदनशील ठरते. मात्र रोग बरा झाल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहू शकते. त्यामुळे उपचारानंतर कार्ड पॉझिटिव्ह आले म्हणून औषध लागू पडले नाही असे समजू नये. व्हायवॅक्स हे प्रथिन तयारच करीत नाही. त्यासाठी एल.डी.एच. या विकरावर आधारलेली वेगळी रेषा कार्डावर असावी लागते.

आता प्रश्न असा की, फाल्सिपेरमनेच हे प्रथिन तयार करणे सोडले तर? ही कल्पना नव्हे. पेरू देशाच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यात हे घडले आहे.

वर्षावनातील संक्रमण

पेरूच्या लोरेतो प्रांतात इकितोस शहराच्या परिसरातील अनेक वस्त्या नदीकाठी आहेत आणि तेथे होडीनेच जावे लागते. तेथील प्रमुख वाहक अ‍ॅनॉफिलीस डार्लिंगी हा डास. १९९० च्या दशकात तो या भागात पसरला आणि १९९७ मध्ये एकट्या लोरेतोत एक लाखाहून अधिक हिवतापाचे रुग्ण नोंदले गेले. इकितोस-नाउता रस्त्यालगत झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंगल तोडलेल्या जागी या डासाचे माणसाला चावण्याचे प्रमाण घनदाट जंगलाच्या तुलनेत २७८ पटींहून अधिक आढळले. तेथे बहुसंख्य रुग्ण व्हायवॅक्सचे असतात. अनेकांच्या रक्तात परोपजीवी असूनही ज्वर नसतो. असे लोक मासेमारी व लाकूडतोडीसाठी नदीमार्गे गावोगाव फिरतात व संक्रमणाची साखळी चालू ठेवतात.

जनुकाचा लोप

२०१० मध्ये लिमा येथील कायेतानो एरेडिया विद्यापीठातील डायोनिसिया गांबोआ व सहकाऱ्यांनी या भागातील फाल्सिपेरमच्या १४८ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४१ टक्के नमुन्यांत एच.आर.पी.-२ चे जनुकच नव्हते. त्याच्याशी साम्य असलेल्या एच.आर.पी.-३ चे जनुक ७० टक्के नमुन्यांत नव्हते आणि सुमारे २२ टक्क्यांत दोन्ही नव्हती. अशा रुग्णाच्या रक्तात परोपजीवी कितीही असोत, एच.आर.पी.-२ चे कार्ड कोरेच राहणार.

ही जनुके गुणसूत्रांच्या टोकांजवळ असतात व तेथील तुकडे सहज गळतात. ती गेली तरी परोपजीवी जगतो. पुढचे कारण जनुकशास्त्राचे आहे. जेथे संक्रमण कमी, तेथे डासाच्या पोटात बहुधा एकाच वंशाचे परोपजीवी असतात. त्यांचा संकर आपसांतच होतो व तोच वंश जसाच्या तसा पुढे चालतो. तुटक वस्त्यांत असा एखादा वंश प्रबळ झाला की त्याचा दोषही सर्वत्र पसरतो. पेरूत रॅपिड कार्डांचा वापर मर्यादित होता. म्हणजे कार्डाच्या दबावाशिवायही हे घडू शकते. २०१० ते २०१२ या काळात उत्तर किनाऱ्यावरील तुम्बेस येथे झालेल्या उद्रेकामागेही एच.आर.पी.-२ नसलेला असाच एक वंश होता. याउलट आफ्रिकेतील एरिट्रियात उपचाराचा निर्णय कार्डावरच अवलंबून होता. तेथे ज्यांचे कार्ड पॉझिटिव्ह त्यांना औषध मिळे, जनुकहीन परोपजीवी मात्र सुटत. २०१६ मध्ये त्या देशाला कार्डच बदलावे लागले. जनुकलोपामुळे चुकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेल्यास कार्ड बदलावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ राज्यांच्या अभ्यासात हे प्रमाण सरासरी २.४ टक्के आढळले. प्रमाण अल्प आहे, तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

आपल्या व्यवहारात

चरकाचार्यांनी विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे भेद केले. धातूंत लीन झालेला दोष भूमीतील बीजाप्रमाणे काळ येताच प्रकट होतो, हा दृष्टांतही त्यांनी दिला. ज्वराचा काळ विचारण्याची ही परंपरा आपली आहे. कार्ड हाती आले म्हणून ती सोडू नये. मात्र फाल्सिपेरमचा ज्वर पुष्कळदा क्रम पाळत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

चिकित्सकांनी जंगलपट्ट्यातून आलेल्या ज्वरितास प्रवास आवर्जून विचारावा. लक्षणे संशयास्पद असतील तर कार्ड निगेटिव्ह येऊनही जाड व पातळ रक्तपट्टी पाठवावी आणि ज्वर टिकल्यास ती पुन्हा करावी. दोन रेषांच्या कार्डावर केवळ सर्व जातींची रेषा उमटली, तर तो व्हायवॅक्सच असे गृहीत धरू नये. जनुकहीन फाल्सिपेरमही तसाच दिसतो. निदान होताच राष्ट्रीय कार्यक्रमानुसार उपचार त्वरित सुरू व्हावेत. काढे व रसायने बलरक्षणासाठी जोडीला द्यावीत, त्या उपचारांच्या जागी नव्हे. ग्लानी, भ्रम, कामला, अल्पमूत्रता किंवा गर्भावस्था असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांनी कार्ड कोणत्या जातीचे व कोणत्या प्रथिनावर आधारित आहे हे खोक्यावर वाचून ग्राहकास सांगावे. वापराची मुदत व साठवणुकीचे तापमान पाळावे. उन्हाळ्यात तापलेल्या फळीवर ठेवलेले कार्ड विश्वासार्ह राहत नाही.

माझ्या त्या रुग्णाच्या बाबतीत जनुकलोप नव्हता, केवळ न वाचलेला खोका होता. पण दोन्हींचा बोध एकच. कार्ड विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते; न विचारलेला प्रश्न वैद्यानेच विचारावयाचा असतो.