थोडं म्हणजे किती?

आमच्या सासूबाई रात्री उशाशी तांब्या-भांडं घेऊन झोपतात. तांब्या पितळेचा, त्यावर पालथं घातलेलं भांडंही पितळेचंच. २०२४ च्या नोव्हेंबरात एका सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "अगं, रात्री भांडं वाजत होतं. किणकिण किणकिण. बराच वेळ."

"मांजर आलं असेल, आई," मी म्हटलं आणि डब्याच्या पोळ्यांना लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर तपशीलही मिळाला. दोनच्या सुमाराला सुरू होतं, वीसेक मिनिटांनी थांबतं. आमचे हे म्हणाले, "कानात आवाज येत असतील. वय झालंय आता तिचं." झालं, मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वयाच्या मानानं कान उत्तम आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. रिक्षातून परत येताना आई एवढंच बोलल्या, "कान माझे चांगलेच आहेत. मला माहीत होतं."

आई मूळच्या पाटण तालुक्यातल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. ती रात्र त्या सांगतात तेव्हा भिंत पडल्याचा आवाज नंतर येतो. आधी येतो तो मांडणीवरच्या भांड्यांचा. "भांडी आधी बोलली," असं त्यांचं वाक्य आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल! तरीही मला मांजर सुचलं.

त्या दिवसांत माझं सगळं लक्ष शेजारच्या प्लॉटवर होतं. कोथरूडला आमची १६ फ्लॅटची सोसायटी आहे, खाली पार्किंग आणि वर चार मजले. शेजारची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली आणि तळघरासाठी खोदाई सुरू झाली. पुण्याची जमीन म्हणजे जरा खणलं की काळा पाषाण. तो फोडायला पोकलेनला ब्रेकर लावून सकाळपासून धडधड. खिडक्यांची तावदानं थरथरत, फोडणी करताना झाऱ्या हातात कापतोय असं वाटे. स्वयंपाकघरात तुळईखाली एक बारीक भेग दिसली आणि माझा धीर सुटला.

बचत गटाच्या कामामुळे निवेदनं लिहायची मला सवय आहे. 'आमच्या इमारतीस तडे गेले आहेत, काम तात्काळ थांबवावे' असं निवेदन लिहिलं, घरोघर जाऊन सह्या घेतल्या आणि आम्ही चौघीजणी साइटवर गेलो. तिथल्या इंजिनिअरनं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वागायला अगदी सभ्य मुलगा. म्हणाला, "मॅडम, मशीन आहे म्हटल्यावर थोडं हलणारच."

"थोडं म्हणजे किती?" मी विचारलं.

"थोडंच हो."

"आणि आम्हाला जास्त वाटतंय त्याचं काय?"

तो हसला. आम्हीही मग उठलो. कारण 'जास्त' म्हणजे किती, हे आमच्यापैकी तरी कोण सांगू शकत होतं?

हा प्रसंग रात्री जेवताना मी तिखटमीठ लावून सांगितला. आमची लेक तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला आणि तिच्या मैत्रिणीला प्रोजेक्टसाठी विषय हवाच होता. घास तसाच हातात ठेवून ती म्हणाली, "आई, मोजू या की!"

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. त्यामुळे पुढचं सगळं मला जसं कळलं तसंच सांगते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटभर पट्टीवर बसवलेला छोटासा संगणक. ईएसपी-३२ नावाच्या ज्या पट्ट्या तिनं आणल्या त्यांत वाय-फाय आधीच होतं. त्यांना जोडायचा तो कंप ओळखणारा सेन्सर. त्या चिपमध्ये, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक सिलिकॉनचे दोन कंगवे एकमेकांत अडकवलेले असतात. एक पक्का, दुसरा स्प्रिंगवर टांगलेला. भिंत हलली की टांगलेला कंगवा मागे राहतो, दातांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विजेचं माप बदलतं. आपल्या मोबाइलचा पडदा आडवा-उभा फिरतो तो असल्याच कंगव्यांच्या जोरावर, हे कळल्यावर मी फोन जरा आदरानं ठेवायला लागले.

पहिला सेन्सर स्वस्तातला होता. तो ओट्यावर ठेवला, घरात कुणी हललं नाही, तरी आलेखावर रेघ आपली नाचतेच आहे! तो त्याचा स्वतःचाच गोंधळ म्हणे. आम्हाला पकडायचा कंप त्या गोंधळात बुडून जात होता. मग एडीएक्सएल-३५५ नावाचे चांगले सेन्सर मागवले. एकेकाला काही हजार रुपये पडले. ह्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या भिशीचे पैसे काढून दिले.

अशा चार डब्या झाल्या. पहिली पार्किंगच्या खांबाला तळाशी, दुसरी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, तिसरी गच्चीवर. चौथी पहिल्या मजल्यावर आमच्याकडे ठेवायची होती. हॉलमध्ये टीव्हीमुळे प्लग मोकळा नव्हता, म्हणून ती आईंच्या खोलीत गेली. त्यांच्या तांब्यासाठी नव्हे, प्लगसाठी. हे मी मुद्दाम नोंदवते आहे.

डब्या बसल्या आणि सासुरवास सुरू झाला. आधी त्या स्पंजाच्या दुहेरी टेपनं चिकटवल्या होत्या. स्पंज मुळात गादीच, भिंतीचा कंप डबीला नीट पोचेचना. मग टेप खरवडून काढली आणि एम-सील लावलं. स्लॅबमधून वाय-फाय आरपार जाईना, म्हणून जिन्याच्या पोकळीतून एका डबीनं दुसरीला निरोप द्यायचा अशी साखळी केली. सेकंदाला शेकडो आकडे येणार, ते सतत पाठवत बसलं तर बॅटरी लगेच संपते. त्यामुळे डबीनं मोजत राहायचं, पण ठरावीक मर्यादेपलीकडे हललं तरच बोलायचं, असा नियम घातला. (हा नियम आमच्या सोसायटीच्या मीटिंगला लावावा, असं ह्यांचं मत पडलं.)

घड्याळांचा घोळ तर मजेशीर. प्रत्येक डबीचं घड्याळ वेगळं आणि प्रत्येकाची चाल किंचित पुढेमागे. दिवसभरात दीड-पावणेदोन सेकंदांचा फरक सहज पडतो. तेवढ्यानं काय बिघडतं, असं मला वाटलं. लेक म्हणाली, "गच्ची आणि पार्किंग एकाच वेळी एकाच बाजूला हलली की उलट बाजूंना, तेच बघायचंय ना! अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी सगळं उलटंपालटं." म्हणून पार्किंगमधल्या डबीला मुख्य केलं. ती मिनिटामिनिटाला बाकीच्यांना 'टिक' म्हणून हाक मारते आणि सगळ्या आपापली घड्याळं लावून घेतात. २००६ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर अशा ६४ बिनतारी डब्या बसवल्या होत्या, असं मुलींच्या सरांनी सांगितलं. आमच्या चार डब्यांनी नाकी नऊ आणले होते, तिथे चौसष्ट!

डिसेंबरात पहिले आलेख आले आणि माझी झोप उडाली.

आईंच्या खोलीतली डबी रात्री दोनला जागी झाली होती आणि वीस मिनिटं बोलत होती. सेकंदाला दोन झोके, अगदी नियमित. आता त्यात घाबरण्यासारखं काय? तर प्रत्येक इमारतीचा स्वतःचा एक झोका असतो, तंबोऱ्याच्या तारेला जसा स्वतःचा सूर असतो तसा. आपल्या भूकंपाच्या मानकात, आयएस १८९३ मध्ये, विटांच्या भिंती भरलेल्या इमारतींसाठी त्याचं सोपं सूत्र आहे. उंचीच्या मीटरना ०.०९ नं गुणायचं आणि ज्या दिशेचा झोका हवा त्या दिशेच्या लांबीच्या वर्गमुळानं भागायचं. आमची उंची १५ मीटर, लांबी १६. उत्तर येतं सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे सेकंदाला तीन झोके. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं तर लहान मूलही तो उंच नेतं. दोन आणि तीन किती जवळ! रात्री कुणीतरी आमच्या इमारतीला तिच्या लयीच्या जवळपास ढकलतंय, असा आम्ही अर्थ काढला. त्या रात्री दीड वाजता मी गॅलरीत जाऊन शेजारच्या साइटवर नजर ठेवून बसले. दोन वाजले. साइटवर काळोख. वॉचमन शेकोटीशी बसलेला. आणि आतून आईंचा आवाज, "वाजतंय बघ."

मी आत गेले. त्यांच्या पलंगावर बसले. भांडं खरोखरच वाजत होतं. बोट ठेवलं की थांबे, उचललं की पुन्हा किणकिण. दीड महिना त्या सांगत होत्या आणि मी पहिल्यांदा ऐकत होते.

आलेख घेऊन मुली सरांकडे गेल्या. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "सेकंदाला किती नोंदी घेता?" पन्नास. बॅटरी वाचवायला मुलींनी सेन्सरकडून सेकंदाला पन्नासच आकडे उचलायचे ठरवले होते. सर म्हणाले, जुन्या सिनेमात टांगा पळतो आणि त्याची चाकं हळूच उलटी फिरताना दिसतात, ते आठवा. कॅमेरा ठरावीक वेळानंच चित्र टिपतो, मधे चाक किती फिरलं ते त्याला कळत नाही. तसंच हे. पन्नास नोंदींत पंचविसाच्या वरचं काहीच खरं दिसत नाही. ते वेषांतर करून खाली येऊन बसतं.

मुलींनी नोंदी दोनशे केल्या. दुसऱ्या रात्रीच्या आलेखात दोनचा पत्ताच नव्हता. त्याऐवजी ४८ वर एकच उंच सुळका, मंदिराच्या कळसासारखा. पन्नासातून अठ्ठेचाळीस गेले, राहिले दोन. तोच आमचा रात्रीचा बागुलबुवा.

पण सेकंदाला ४८ वेळा हलणारं आमच्या घरात आहे तरी काय? पंखा नाही, फ्रिज नाही. पाण्याची आठवण मला झाली, आणि या साऱ्या प्रकरणात माझं शास्त्रीय योगदान तेवढंच. आमच्याकडे पालिकेचं पाणी रात्री येतं, खालची टाकी भरली की पंप आपोआप सुरू होतो. रात्री साडेअकराला आम्ही तिघी बॅटरी घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. पंपावरची पत्र्याची पाटी ग्रीसनं माखलेली. ओढणीनं पुसली. मिनिटाला फेरे, २८८०. लेक मोबाइल काढत होती तोवर मी तोंडीच साठानं भागलं होतं.

दिवाळीआधी हा पंप दुरुस्तीला नेला होता. परत बसवताना चारपैकी एक बोल्ट लावलाच नव्हता, खालच्या रबरी गाद्या गायब होत्या आणि वर चढणारा पाइप लोखंडी पट्टीनं थेट आईंच्या खोलीच्या भिंतीला आवळला होता.

आता साइटचं. ब्रेकर अगदी कुंपणाला लागून चालला त्या दिवशी पार्किंगच्या खांबावर सर्वाधिक नोंद आली, सेकंदाला १.९ मिलिमीटर. अशा मोजणीत जर्मनीचं डीआयएन ४१५० हे मानक बरेचदा धरतात. संथ कंपासाठी राहत्या घरांना पायाशी ५ मिलिमीटरपर्यंत चालतं, जुन्या नाजूक वास्तूंना ३. माणसाला मात्र ०.३ च्या आसपासच कंप जाणवायला लागतो. म्हणजे आपल्याला कळतं तिथपासून घराला इजा होते तिथपर्यंत मधे भलंमोठं मैदान आहे, आणि आमचं सगळं भांडण त्या मैदानात चाललं होतं. स्वयंपाकघरातल्या भेगेवर काचेची पट्टीही चिकटवून ठेवली होती. भेग रुंदावली तर काच तडकते. ती शेवटपर्यंत शाबूत राहिली.

सोसायटीच्या बैठकीत मी हे आकडे वाचले तेव्हा शांतता पसरली. मग एक काका म्हणाले, "म्हणजे तुमच्या मुलीनं त्यांचंच काम सोपं केलं की!" सह्या करणाऱ्या दोघी कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, नाही कसं? पण तडे त्यांच्यामुळे गेले, हे वाक्य मी आता कुठल्या तोंडानं ठेवणार होते? ते खोडलं. मध्यरात्री काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या राहत आणि त्यांची घरघर तासन् तास चाले. नवं निवेदन त्यावर लिहिलं. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला नियमानंच मनाई आहे. गाड्या संध्याकाळी यायला लागल्या.

प्लंबरनं पंपाला बोल्ट आणि गाद्या बसवल्या, पाइपच्या पट्टीखाली रबर घातलं. त्या रात्री लेक आणि मी आईंच्या खोलीतच झोपलो. दोन वाजून गेले, भांडं गप्प. आई जाग्या होत्याच. मी म्हटलं, "आई, चुकलंच माझं. तुमचं ऐकायला हवं होतं."

"ऐकलंस की," त्या म्हणाल्या, "डबीनं सांगितल्यावर." आणि कुशीवर वळल्या.

प्रोजेक्टला मार्क चांगले पडले. जिन्यातल्या, गच्चीवरच्या डब्या मुलींनी काढून नेल्या. आईंच्या भिंतीवरची मात्र अजून तिथेच आहे. एम-सील काही केल्या सुटत नाही, जोर लावला तर गिलावा निघेल. रंग काढू तेव्हा बघू. तोवर आई रोज तिच्यावरची धूळ पुसतात.