फाइलचा पत्ता : कुठून मोजायचा?

"देवळापासून उजवीकडे वळा, तिसरे घर आमचे." गावातल्या माणसाला एवढा पत्ता पुरतो. हाच पत्ता पाकिटावर लिहून पोस्टात टाकला तर पत्र पोहोचणार नाही. देऊळ कोणत्या गावातले, हे त्यात लिहिलेलेच नाही. बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने ते गृहीत धरलेले आहे. म्हणून पाकिटावर आपण गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असे सगळे लिहितो.

संगणकातल्या फाइलींचे पत्तेही याच दोन प्रकारचे असतात. पहिला सापेक्ष, दुसरा निरपेक्ष. सापेक्ष वेग शिकवताना आपण वर्गात विचारतो, "कशाच्या सापेक्ष?" फाइलच्या पत्त्याबाबत हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि मग एका संगणकावर नीट चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडतो. कधी तर तो अडतही नाही, पण भलतेच उत्तर देतो.

उलटे झाड

फाइलींची मांडणी उलट्या झाडासारखी असते. वर एक मूळ, त्यातून फोल्डरांच्या फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि टोकाला फाइली. ही कल्पना १९६५ साली डेली आणि न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी मांडली. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्ये दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ आली. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डरांची सोय झाली, पण तिरकी रेघ तिथे आज्ञांचे पर्याय लिहिण्यासाठी आधीच वापरात होती. म्हणून तिथे उलटी तिरकी रेघ घेतली गेली. विंडोजमध्ये ती आजही दिसते.

समजा, एका शाळेने पावसाच्या नोंदी अशा ठेवल्या आहेत :

/शाळा/पाऊस/मोजणी
/शाळा/पाऊस/२०२३/जुलै
/शाळा/पाऊस/२०२४/जुलै

यातली 'मोजणी' ही प्रोग्रॅमची फाइल आहे. दोन्ही 'जुलै' या रोजच्या पावसाच्या नोंदी आहेत. सुरुवातीची तिरकी रेघ म्हणजे झाडाचे मूळ. मुळापासून लिहिलेले हे तिन्ही पत्ते निरपेक्ष आहेत. नुसते 'जुलै' किंवा '२०२४/जुलै' असे लिहिले तर पत्ता सापेक्ष झाला. सापेक्ष पत्त्यात एक टिंब म्हणजे 'आहे तो फोल्डर' आणि दोन टिंबे म्हणजे 'एक पायरी वर'. '२०२३' मध्ये उभे राहून '../२०२४/जुलै' म्हटले की वर चढून शेजारच्या फांदीवर जाता येते.

प्रोग्रॅम उभा कुठे असतो?

पुष्कळांची समजूत असते की सापेक्ष पत्ता प्रोग्रॅमची फाइल जिथे ठेवली आहे तिथून मोजला जातो. तसे नाही. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला संगणक एक 'चालू फोल्डर' नेमून देतो आणि फाइल उघडताना सापेक्ष पत्ता तिथून मोजतो. हा फोल्डर कोणता, हे प्रोग्रॅम कुणी आणि कुठून सुरू केला यावर ठरते. टर्मिनलमध्ये आपण ज्या फोल्डरात असू तो चालू फोल्डर होतो. संपादकातून प्रोग्रॅम चालवला तर संपादक ते ठरवतो. युनिक्समध्ये ठरावीक वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी 'क्रॉन' ही सोय सहसा वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरातून सुरुवात करते. प्रोग्रॅम तोच, त्यातले एक अक्षरही बदललेले नाही, तरी पत्त्याचा अर्थ प्रत्येक वेळी वेगळा.

आता 'मोजणी'मध्ये फाइलचा पत्ता नुसता 'जुलै' असा लिहिला आहे आणि कागदावर 'जुलै २०२४चा एकूण पाऊस' हे शीर्षक छापायचे आहे असे समजा. एखादी विद्यार्थिनी '२०२३' या फोल्डरात असताना तो प्रोग्रॅम चालवते. तिथेही 'जुलै' नावाची फाइल आहेच. ती उघडते, बेरीज होते आणि २०२३चा पाऊस २०२४च्या नावाने छापला जातो. तक्रार येत नाही, सूचना येत नाही. फाइल सापडलीच नसती तर निदान चूक कळली असती. ही चूक मात्र तक्त्यात जाते, तक्त्यावरून आलेखात जाते आणि आलेखावरून निष्कर्षात.

फाइल लिहिताना धोका आणखी वाढतो. सापेक्ष पत्त्यावर लिहायला सांगितले की त्या क्षणीच्या चालू फोल्डरात नवी फाइल तयार होते, किंवा त्याच नावाची जुनी फाइल पुसली जाते.

मग सगळे पत्ते निरपेक्षच लिहिले तर? मग प्रोग्रॅम त्या एका संगणकाला खिळला जातो. दुसऱ्या संगणकावर '/शाळा' असेलच असे नाही. पेनड्राइव्हला तर विंडोज एका यंत्रावर एक अक्षर देते आणि दुसऱ्यावर दुसरे. सगळा फोल्डर उचलून कुठेही नेता यावा, हा सापेक्ष पत्त्याचा मोठा गुण आहे आणि तो गमावून चालणार नाही.

अर्धी माहिती बाहेर

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये आपण माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे एकत्र बांधतो. 'पाऊसवही' नावाचा एक क्लास करू. त्यापासून घडवलेला प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे एका वर्षाची वही. आपला फोल्डर कोणता हे वही लक्षात ठेवते आणि विचारल्यावर त्या त्या महिन्याची बेरीज सांगते. आपल्या कामाला लागणारी माहिती ऑब्जेक्टने स्वतःजवळ बाळगावी, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र.

वहीत '२०२४' हा सापेक्ष पत्ता साठवला तर हे सूत्र नकळत मोडते. पत्त्याचा अर्धा भाग ऑब्जेक्टजवळ राहतो आणि 'कुठून मोजायचे' हा उरलेला अर्धा भाग बाहेर, चालू फोल्डरात असतो. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या एखाद्या भागाने चालू फोल्डर बदलला की वहीला हातही न लावता तिचा अर्थ बदलतो.

यावर उपाय सोपा आहे. वही तयार होते त्याच क्षणी मिळालेला पत्ता एकदाच निरपेक्ष करून साठवायचा आणि पुढचे सगळे पत्ते त्याला जोडून काढायचे. आधार एकदाच ठरतो, त्याखालचे सारे सापेक्ष राहते. हा आधार दोन ठिकाणांहून घेता येतो. प्रोग्रॅमसोबतच दिलेल्या फाइली असतील तर प्रोग्रॅमच्या फाइलचे स्वतःचे ठिकाण घ्यावे. पायथॉनमध्ये ते प्रोग्रॅमला विचारता येते. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या नोंदी असतील तर त्यांचा फोल्डर त्यालाच सुरुवातीला विचारावा.

पत्ते जोडताना अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवू नयेत. तिरकी रेघ विसरली की '२०२४' आणि 'जुलै' मिळून '२०२४जुलै' होते. यासाठी पत्ता हाच एक ऑब्जेक्ट मानणारी साधने आहेत. जावामध्ये २०११च्या सातव्या आवृत्तीत 'पाथ' आले आणि पायथॉनमध्ये २०१४च्या ३.४ आवृत्तीत 'पाथलिब'. पाथलिबमध्ये भागाकाराची तिरकी रेघच जोडण्याचे काम करते : फोल्डर / 'जुलै'. विंडोजवर उलटी रेघ हवी, हे तो ऑब्जेक्ट स्वतःच पाहतो.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. एक, असा पाथ-ऑब्जेक्टही सापेक्ष असू शकतो. तो आपण होऊन निरपेक्ष होत नाही. दोन, उजवीकडे निरपेक्ष पत्ता जोडला तर डावीकडचा आधार मुकाट्याने गळून जातो. तीन, 'रिझॉल्व्ह' या एकाच नावाचा अर्थ पायथॉनमध्ये 'पत्ता निरपेक्ष करणे' असा आहे आणि जावामध्ये 'एका पत्त्याला दुसरा जोडणे' असा.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. फळ्यावर वरचे झाड काढा. दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या फोल्डरांत उभे आहोत असे मानायला सांगा. दोघांना एकच चिठ्ठी द्या : '../२०२४/जुलै'. '२०२३' मधला विद्यार्थी बरोबर पोहोचेल. 'पाऊस' मध्ये उभा असलेला एक पायरी वर 'शाळे'त जाईल आणि तिथे '२०२४' शोधत राहील. आता 'शाळे'त एक '२०२४' फोल्डर काढा, त्यात हजेरीची 'जुलै' फाइल ठेवा आणि खेळ पुन्हा खेळा. या वेळी दोघेही "सापडली" म्हणतील. मग दोघांच्या हातात काय आले ते वर्गाला विचारा. चिठ्ठीत काय लिहायचे राहिले होते, हे मुलांना स्वतःच शोधू द्या.