कुत्र्याची मान दुखते तेव्हा

कुत्रा मान ताठ धरतो, खाली ठेवलेल्या ताटलीपर्यंत वाकत नाही, उचलायला गेलं की केकाटतो. मानेतल्या मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला की असं होतं. डॅशहाउंड, बीगल या जातींत हा त्रास जास्त.

शस्त्रक्रिया लागली नाही, तर पहिले चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात पक्की विश्रांती. बाहेर फक्त शी-शूपुरतं. गोळ्यांनी दुखणं थांबतं आणि तो उड्या मारू लागतो. घरचे इथेच फसतात. दुखणं थांबलं म्हणजे चकती भरून आली असं नाही. वॉर्डातही हेच पाहिलंय, बरं वाटलं की पेशंट खाटेवरून उतरलाच! गळपट्टा काढून छातीचा पट्टा लावा, ताटली उंचावर ठेवा.

व्यायाम पशुवैद्यांनी होकार दिल्यावरच. कुशीवर झोपवून पायाचा एकेक सांधा हळूच वाकवा, सरळ करा. नंतर पाच मिनिटं संथ चाल. पुढे जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्या ओलांडायला लावा. जिना, सोफा बंदच.

मान मात्र हातानं कधीही वळवू नका, कुणालाही वळवू देऊ नका. खाऊचा तुकडा नाकासमोरून खांद्याकडे न्या, तो आपण होऊन वळेल तेवढंच पुरे.

आपल्या घरातली आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल त्याला देऊ नका, विषबाधा होऊ शकते. पाय ओढत चालू लागला, उभं राहता येईना किंवा लघवी अडली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. नेताना सपाट फळीवर झोपवा.